पोराला कशाला सांगायचं?

‘पोराला कशाला सांगायचं? तुमच्या तिकडं सगळ्याला फॉर्म लागतो. आमच्याकडं गल्ली हाय.’ घरातल्या थोरल्या अण्णांचं हे बोलणं तीन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेतला माझा चुलतभाऊ कॅन्सरच्या केमोसाठी मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये जातो आणि पाचवीतल्या त्याच्या मुलाला सांगितलंय की बाबा कंपनीच्या कामाला मुंबईला गेलेत. मी इंग्लंडहून फोनवर एवढंच म्हटलं की त्याला आजाराचं नाव सांगा. ‘तिकडं राहून शहाणपण शिकवतीया’ हे ऐकून घ्यावं लागलं.

गल्ली आहे, मान्य. रक्त लागलं की तालमीतली दहा पोरं सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या दारात उभी राहतात. डबा कुणी द्यायचा हे ठरवावं लागत नाही, तो येतो. इथे लीड्समध्ये माझं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारणीनं दारातून कार्ड टाकलं आणि मी तीन दिवस टोस्टवर काढले. पण भावाचा मुलगा घरात शिरला की त्या गल्लीतल्या बायका बोलायच्या थांबतात. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं मला हळूच विचारलं, ‘आत्या, कामाला गेल्यावर केस जातात का?’ त्याला सगळं दिसतंय. विचारायची सोय तेवढी नाही.

आणि फॉर्मचं म्हणाल तर, हो, फॉर्म आहे. घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्या मुलाला काय हवं-नको ते काउन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, पाहायचं, असा इंग्लंडमध्ये 2014 चा कायदा आहे. 2023 पासून शाळांच्या जनगणनेत अशा मुलांची नोंद होते. माझ्या मुलीच्या वर्गातला एक मुलगा सकाळी आईला गोळ्या देऊन येतो. तो उशिरा आला तर कुणी त्याला वर्गाबाहेर उभं करत नाही.

हे कोल्हापूरला परकं वाटावं याचाच मला राग येतो. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दुसऱ्यांच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी करणारं हे गाव. मूल ही घराची खाजगी बाब नव्हे, हे आम्ही इंग्लंडकडून शिकलेलो नाही.

मी दहा वर्षांची असताना आईला कॅन्सर झाला. मला गारगोटीला आजोळी धाडलं, ‘आई दवाखान्यात आहे, येईल’ म्हणून. आदल्या रात्री मी भाकरीवरून रुसून ताट ढकललं होतं. आई त्यानंच आजारी पडली असं मी वर्षभर धरून चालले आणि रोज पानातलं शेवटचं शितही संपवत होते. आई बरी झाली. त्या शितांचं मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या मी काय केलं तेही सांगते. गेल्या वर्षी माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. शाळेच्या फॉर्मवर प्रश्न होता, कुटुंबात कुणी गंभीर आजारी आहे का. मी ‘नाही’वर खूण केली. मुलीला म्हटलं, आजोबांना जरा बरं नाही. रात्री भावाशी मराठीत बोलायचे, तिला फार कळत नाही या भरवशावर. हाफ टर्मच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, ‘मम्मा, मी काही केलं का? तू माझ्यामुळे रडतेस?’

मग तिला सांगितलं, इंग्रजीत. मराठीत तोंड उघडेना. आजारपणाचे माझे मराठी शब्द दाराआडून कानावर पडलेले, कुजबुजलेले आहेत. वीस वर्षं इथे राहूनही मी त्या दाराआडच आहे, आणि लेकीलाही तिथेच उभं केलं होतं. अण्णांना फोन करताना हे मी सांगितलं नाही. तेव्हा सांगायला हवं होतं.

काल वहिनीचा फोन आला. ‘मी सांगते त्याला, पण अण्णा देवळात गेल्यावर. तुम्ही फोनवर असाल न्हवं?’ केस का गेले, कोणाच्या चुकीनं नाही गेले, शाळेला कोण सोडेल आणि पुढचं ठाऊक नसेल तर तेही ठाऊक नाही म्हणून सांगायचं, एवढं आम्ही दोघींनी ठरवलंय. रविवारी तिकडचे सकाळचे दहा, म्हणजे माझे पहाटेचे साडेपाच. गजर लावून ठेवलाय.