पीकिंग आणि काजळ
हाताने फोकस करण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, पोर्ट्रेटसाठी फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) लावा आणि डोळ्यावर रंगीत रेघा आल्या की बटण दाबा. एफ/५.६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान असताना, ठीक आहे; एफ/१.८ ला, छिद्र मोठं असताना, हे अंगाशी येतं. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमीची लेन्स आणि माणूस दीड मीटरवर असेल, तर एफ/१.८ ला पुढे-मागे धारदार दिसणारा पट्टा जेमतेम ३ सेंटीमीटरचा. पीकिंग जिथे कॉन्ट्रास्ट जास्त तिथे रंग फासतं, त्यामुळे पापण्या, भुवया, चष्म्याची फ्रेम आधी चमकतात आणि बुबुळ मागे राहतं. (काजळ असेल तर विचारूच नका!) त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर जवळचा डोळा मॅग्निफाय करा आणि बुबुळात पडलेलं खिडकीचं प्रतिबिंब बघा. त्याच्या कडा रेखीव झाल्या की झालं. फोटोची चौकट आधीच जुळवून ठेवा, नंतर कॅमेरा वळवला तर फोकसचं प्रतलही (ज्या अंतरावर सगळं धारदार दिसतं ती पातळी) वळतं. शेवटची कसर फोकस रिंगने काढत बसू नका. स्वतःच किंचित पुढे-मागे डुलत दोन-चार फोटो लागोपाठ घ्या.

डीएसएलआरवाल्यांनी (आरशाच्या कॅमेरावाल्यांनी) ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवर, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीवर, विसंबू नये. त्यातल्या हल्लीच्या फोकसिंग स्क्रीन उजळ दिसाव्यात म्हणून बनवलेल्या, एफ/१.८ ची खरी धूसरता त्यांत दिसतच नाही. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांतली दुभंगलेली प्रतिमा जुळवायची सोय कितीतरी बरी होती. सरळ लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर सेन्सरची प्रतिमा बघा.