अलार्म ‘ऑफ’ गेला म्हणजे बंद पडला नाही

गेल्या बुधवारी रात्री साडेदहाला भाचीचा व्हॉइस मेसेज आला. ती अमळनेरला असते, बी.कॉम. झालंय, पुढच्या महिन्यात जळगावला एका बँकेत मुलाखत आहे. मेसेज असा: “मावशी, आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू, सो आय विल टर्न अप ऑन संडे, वी विल कॅच अप अँड आय विल ब्रश अप माय इंग्लिश.” मी दोनदा ऐकला. पोरीला एवढंच सांगायचं होतं की रविवारी येते, जरा इंग्रजी बघू. एवढा खटाटोप करून ‘लुकिंग फॉरवर्ड टू’च्या पुढे ‘मीटिंग’ हवं होतं, नेमकी तिथेच गाडी घसरली.

पाठोपाठ रोगाचं मूळही आलं. फॉरवर्ड. वर लाल बाण, खाली हात जोडलेले. “इंग्रज माणूस साधी क्रियापदं वापरतच नाही! ५०० फ्रेजल व्हर्ब्ज पाठ करा, ३० दिवसांत फाडफाड इंग्रजी बोला!” हा मेसेज मी त्याआधी दोन ग्रुपवर पाहिला होता आणि अंगठ्याने वर ढकलला होता. आता घरातल्या पोरीच्या जिभेवर येऊन बसला म्हटल्यावर गप्प राहता येईना.

ज्यांच्यापर्यंत ही साथ पोचली नाही त्यांच्यासाठी: क्रियापदाला अप, ऑफ, आउट, ऑन असा एखादा छोटा शब्द चिकटला आणि अर्थ फिरला की झालं फ्रेजल व्हर्ब. गिव्ह म्हणजे देणं, गिव्ह अप म्हणजे नाद सोडणं. बस, एवढंच.

मी इंग्रजीची प्राध्यापक नाही. मराठी माध्यमातून शिकले आणि गेली नऊ वर्षं रावेर तालुक्यातल्या एका पॅकहाउसमध्ये केळी निर्यातीचे कागद आणि फोन सांभाळते. दिवसाला पंधरा-वीस फोन इंग्रजीतून. तेवढ्या हक्काने बोलते.

आधी ‘५०० पाठ करा’ हे घेऊ. दिवसाला सतरा झाले. मेसेजवाल्याने प्रत्येकासमोर एकच मराठी अर्थ लिहिलाय, म्हणून त्याला हे सोपं वाटतं. मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट या दोन भाषा-अभ्यासकांनी २०१५ साली नेमकी हीच अडचण सोडवायला एक यादी केली. इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब्ज हजारोंनी आहेत आणि नेहमीच्या वापरातल्या एकेकाला सरासरी ५.६ अर्थ आहेत, इथून ते सुरुवात करतात. ही सरासरी धरली तर ५०० चे झाले २८००, म्हणजे दिवसाला नव्वदच्या वर अर्थ. करा पाठ! त्या दोघांनी काय केलं, तर सगळ्यांत जास्त वापरातली फक्त १५० घेतली, अमेरिकन इंग्रजीच्या एका अवाढव्य साठ्यात त्यांचा कुठला अर्थ किती वेळा येतो ते बघितलं आणि त्यांचे मिळून २८८ अर्थ ठेवले. या १५० चा जो काही वापर सापडला, त्यातला ७५ टक्के किंवा जास्त एवढ्याच अर्थांत बसतो. दिवसाला पाच अर्थ घेतले तर दोन महिन्यांत संपतात. पण ‘१५० शिका’ म्हटलं तर मेसेज कोण पुढे ढकलणार?

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो. मेसेज म्हणतो: “फक्त सूत्र लक्षात ठेवा! अप = वर, डाउन = खाली, ऑफ = बंद, आउट = बाहेर. कोणत्याही फ्रेजल व्हर्बचा अर्थ आपोआप कळेल!!” उद्गारचिन्हं त्याचीच.

हे सूत्र मीही एके काळी डोक्यात घेऊन फिरत होते. नोकरीचं पहिलं वर्ष. आमचा एक थंड कंटेनर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर होता. केळी साधारण साडेतेरा अंशांवर ठेवावी लागतात. त्याहून फार गार झाली तर साल काळपटते, गरम झाली तर बॉक्समध्येच पिकायला लागतात. दुपारी चारला एजंटाच्या माणसाचा फोन आला: “मॅडम, द अलार्म वेन्ट ऑफ अराउंड टू.” मी मनात म्हटलं, ऑफ, म्हणजे बंद. अलार्म वाजत असेल, तो बंद झाला, सुटलो. “ओके, थँक यू” म्हणून मी फोन ठेवला आणि चहा घ्यायला गेले. अलार्म दोन वाजता *वाजला* होता. कंटेनर गार ठेवणाऱ्या, गाडीवरच्या जनरेटरमध्ये बिघाड होता आणि आतला पारा चढत होता. दोन तासांनी साहेबांना दुसऱ्याच कोणाकडून कळलं, तेव्हा सतरा अंश झाले होते. माल कसाबसा वाचला. त्या दिवशी साहेब मला काही बोलले नाहीत, हे बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तर ‘गो ऑफ’. अलार्म गोज ऑफ म्हणजे वाजतो. लाइट गोज ऑफ म्हणजे जातो. दूध गोज ऑफ म्हणजे नासतं. बॉम्ब गोज ऑफ म्हणजे फुटतो. जोडी एकच, एकीकडे चालू होणं, दुसरीकडे बंद होणं. कुठे बसवायचं सूत्र? अर्ज भरायला ‘फिल इन’ म्हणा नाहीतर ‘फिल आउट’ म्हणा, अर्ज तोच भरला जातो. आत आणि बाहेर एकच झालं की! आणि ‘शट अप’मध्ये नेमकं काय वर जातं, तेही मेसेजवाल्याने एकदा सांगावं.

आमच्या भागात रेंजची बोंब. त्यामुळे मी रोज ऐकते ते वाक्य म्हणजे “यू आर ब्रेकिंग अप”. मेसेजच्या यादीत ब्रेक अप = प्रेमसंबंध तुटणे, एवढंच. भाचीला विचारलं, फोनवर कोणी असं म्हटलं तर काय समजशील? ती लाजली. अगं, आवाज तुटतोय एवढंच म्हणतोय तो.

अर्धं खरं मात्र मान्य करायला हवं, नाइलाजाने. या छोट्या शब्दांना काही कल असतो. ईट अप, यूज अप, फिनिश अप यांत ‘अप’ म्हणजे वर नव्हे, तर पार संपवणं. आपल्या ‘टाकणे’सारखं: खाऊन टाक, करून टाक, सांगून टाक. कोणी काही फेकत नाही, काम तडीला जातं. आई ताट पुढे ठेवते आणि आमच्या खान्देशी अहिराणीत म्हणते, “खाई टाक.” ती ज्या अर्थाने ‘टाक’ म्हणते त्याच अर्थाने तिथे ‘अप’ येतं. ‘करून बसलो’मध्ये कोणी खाली बसत नाही, ‘वेळ मारून नेली’मध्ये कोणी मरत नाही. दोन ओळखीचे शब्द एकत्र येऊन तिसराच अर्थ उभा करतात, ही गंमत अहिराणी बोलणाऱ्या पोराला आईच्या दुधाबरोबर मिळालेली असते. आपल्याकडे क्रियापदाला क्रियापद चिकटतं, तिकडे छोटा शब्द, एवढाच फरक.

आणि मेसेजचा पाचवा नियम काय, तर “३० दिवस घरात मातृभाषा पूर्ण बंद! अहिराणी बोलणाऱ्यांचे इंग्रजी कधीच सुधारत नाही.” हे वाचून मला खरंच शिवी आठवली होती. बहिणीने सांगितलं, पोरगी चार दिवस आजीशी इंग्रजीत बोलत होती. आजी ऐंशीच्या घरात. ती आपली बहिणीला विचारते, “हाई पोर काय बोली राहिनी?” चार दिवसांत इंग्रजी किती सुधारलं ठाऊक नाही, आजी मात्र तिच्याशी बोलायची कमी झाली. ज्या भाषेत तुम्हाला नव्या जोडीचा अर्थ चटकन बसवता येतो तीच बंद करून नवी भाषा शिकायची, हा कुठला हिशेब? आमचा दुबईचा खरेदीदार मल्याळी, घरी मल्याळम बोलतो. त्याच्या गोदामातला माणूस पेशावरचा, घरी पश्तू. दोघांचंही इंग्रजी माझ्यापेक्षा सरस आहे.

नियम तिसरा: “प्रत्येक वाक्यात किमान एक फ्रेजल व्हर्ब हवेच. मुलाखत घेणारे हेच मोजतात.” आणि त्याला जोडून चौथा: “टॉलरेट म्हणू नका, पुट अप विथ म्हणा. अर्थ एकच.” नुकसान खरं इथे होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी फोनवर तिची खोटी मुलाखत घेतली. स्वतःबद्दल सांग म्हटलं. “आय ग्र्यू अप इन अमळनेर.” छान, अगदी नैसर्गिक. पुढे: “आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज लास्ट इयर.” मेसेजमध्ये हे ‘अस्सल ब्रिटिश’ म्हणून दिलंय. ब्रिटिश माणूस पास आउट होतो म्हणजे बेशुद्ध पडतो. नाहीतर तो लष्करी कॅडेट असतो, त्यांची पासिंग आउट परेड असते. कॉलेजातून पास आउट होणं हे आपलं भारतीय इंग्रजी. जळगावच्या मुलाखतीत ते सगळ्यांना कळेल, कोणी हसणार नाही. पण ब्रिटिश म्हणून विकू नका.

मग मी विचारलं, काउंटरवर गर्दी असेल, लोक वैतागलेले असतील, काय करशील? ती थांबली. चांगली सात-आठ सेकंद. मला ऐकू येत होतं, वहीचं पान उलटत होती. मग म्हणाली, “आय कॅन पुट अप विथ कस्टमर्स.” म्हणजे, ग्राहकांचा त्रास मी मुकाट्याने सोसू शकते! बँकेत नोकरी मागायला गेलेली मुलगी ग्राहकांना आगंतुक पाहुण्यांसारखं सहन करणार. तिला म्हणायचं होतं, मी त्यांना नीट सांभाळून घेईन. त्याला ‘आय कॅन हँडल देम’ पुरे, ‘हेल्प’ तर त्याहून बरं. दोन्ही शब्द तिला सहावीपासून येतात. मेसेजने ते तिच्याकडून काढून घेतले आणि हातात वही दिली.

आणि ती सात सेकंदं! आधी तिचं इंग्रजी साधं होतं, पण सलग होतं. आता प्रत्येक वाक्याआधी शोधाशोध.

साधी क्रियापदं इंग्रज वापरत नाहीत, हे तर धडधडीत खोटं. गप्पांमध्ये फ्रेजल व्हर्ब्ज पुष्कळ येतात, हे खरं, कथा-कादंबऱ्यांतही येतात. शास्त्रीय आणि औपचारिक लिखाणात ती कमी असतात. आपल्या शाळांनी आपल्याला ‘रिटर्न’ शिकवलं, ‘गिव्ह बॅक’ जरा उशिराच शिकवलं, ही तक्रार मला मान्य आहे. पण म्हणून ‘पोस्टपोन’ म्हणणं गावंढळ ठरत नाही. लंडनचे लोकही पोस्टपोन म्हणतात. ते ‘प्रीपोन’ म्हणत नाहीत, ते आपलं लाडकं. परदेशी माणसाशी बोलताना मी तिथे ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणते.

उच्चाराबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, जागेबद्दलही नाही. खरी पंचाईत तिथेच होते. आमच्याकडे ‘पिकअप भरला’ म्हणजे केळीचा छोटा टेम्पो भरला. ते नाम, त्यात जोर ‘पिक’वर. ‘आय विल पिक यू अप’ हे क्रियापद, त्यात जोर ‘अप’वर. तापमान कमी करायला सांगताना ‘टर्न इट डाउन’ म्हणायचं, ‘टर्न डाउन इट’ नाही. इट, हिम, देम असले शब्द मधेच घुसतात. पण ‘लुक आफ्टर हिम’मध्ये ते शेवटीच राहतात. हे पाठ करून येत नाही. दहा वेळा तोंडातून चुकीचं निघालं, अकराव्यांदा कानाला खटकलं, की येतं. माझं तसंच आलं.

मी भाचीला वही मिटायला सांगितली आणि फोनची चार वाक्यं दिली. हँग ऑन. आय विल कॉल यू बॅक. वी गॉट कट ऑफ. यू आर ब्रेकिंग अप. चारही रोज लागतात, चारही तिने रविवारी पॅसेंजरमधून येताना माझ्यावरच वापरली. धरणगावच्या आसपास रेंज गेली तेव्हा शेवटचं तर अगदी मनापासून म्हणाली.

मेसेजची शेवटची ओळ राहिली: “१० ग्रुपवर पाठवा, ५०० ची पीडीएफ मोफत मिळेल.” पोरीने इमानदारीत दहा ग्रुपवर पाठवला होता. पीडीएफ आली नाही. सोमवारी सकाळी, ती माझ्याकडेच असताना, फोन मात्र आला: कोर्स, फी इतकी, आज भरली तर निम्मी. तिने माझ्याकडे पाहिलं, मग फोनमध्ये म्हणाली, “नो, थँक यू. आय डोन्ट नीड इट.”

पलीकडून हिंदीत आलं, “ठीक है मॅडम.”