‘चालू हंगामात सर्व्हर हलवायला कुणी सांगितलं होतं?’ – एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

फोनवर तुम्हाला काकाच म्हणतो, म्हणून इथेही तेच. तुम्ही लिहिलंय की अक्षय तृतीयेच्या आधीच्या रविवारी, आम्ही सांभाळतो त्या तुमच्या हापूसच्या साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी पाटी दिवसभर होती. गिऱ्हाइकांना साइट हॅक झाली असं वाटलं, आणि आमच्या ऑफिसात फोन लावला तर ‘हिस्टरी डिलीट करून बघा’ असं उत्तर मिळालं. यातलं एकही खोटं नाही. फोनवरच्या मुलाने स्वतः साइट उघडूनही पाहिली नव्हती. त्याच्याशी बोललोय, पण रविवारी त्याला एकट्याला बसवलं ते मी.

तुमचा मुख्य प्रश्न रास्त आहे, म्हणून झालं काय ते सांगतो.

तुमची साइट कंटेनरमध्ये चालते, म्हणजे सर्व्हरवरच्या एका बंद डब्यात. असे डबे चालवणारे डॉकर आणि पॉडमन हे दोन प्रोग्राम. आतापर्यंत तो डॉकरवर होता, त्या शनिवारी रात्री नव्या सर्व्हरवर पॉडमनमध्ये नेला. कारण होतं: डॉकरची मुख्य सेवा सहसा रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या सर्वेसर्वाच्या, अधिकाराने चालते, पॉडमन साध्या युजरखाली चालवता येतो. कधी कुणी आत घुसलंच तर नुकसान कमी. हे काम जूनमध्ये करता आलं असतं. जुन्या सर्व्हरचं भाडं महिनाअखेरीस संपत होतं म्हणून मी घाई केली. वाचले ते माझे काही हजार, गेल्या त्या तुमच्या पेट्या.

डेटाबेस नेला, फोटो नेले. सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या दाखल्याची, फाइल नेली नाही. साइटच्या पुढे ट्रेफिक नावाचा प्रोग्राम दारावर बसलेला असतो (नाव तसंच आहे), तो लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून सर्टिफिकेट आपोआप मागवतो. मागवेल की नवं, म्हटलं. त्याने मागवलंही. पण नव्या मांडणीत व्हॉल्यूमचा (कंटेनरबाहेर डिस्कवर फाइल ठेवायच्या जागेचा) रस्ता चुकीचा लिहिला गेला, त्यामुळे सर्टिफिकेट डिस्कवर न उतरता कंटेनरच्या पोटातच राहिलं. रात्री चाचण्या करताना कंटेनर पाच वेळा पाडून उभा केला. दर वेळी जुनं सर्टिफिकेट कचऱ्यात आणि नवं हजर. दर वेळी ब्राउझरमध्ये सगळं व्यवस्थित, म्हणून शंका आली नाही. शेवटी मेमरीची मर्यादा बदलून सहाव्यांदा चालू केला आणि न बघता झोपायला गेलो. तेव्हा रात्रीचे पावणेदोन.

लेट्स एन्क्रिप्टचा नियम असा की साइटच्या नावांच्या त्याच संचासाठी ७ दिवसांत ५ सर्टिफिकेटं. सहावं मिळालं नाही. तेव्हा ट्रेफिक स्वतःच सही केलेलं कामचलाऊ सर्टिफिकेट पुढे करतो, आणि ते कुठलाच ब्राउझर मानत नाही. त्यात साइट फक्त सुरक्षित मार्गानेच उघडावी अशी सूचना आम्हीच पूर्वी ब्राउझरांना दिलेली. त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकांना ‘तरीही पुढे जा’चा पर्यायसुद्धा दिसला नाही. म्हणजे दरवर्षी पेटी मागवणारे नेमके तेच अडले.

खरी चूक यापुढची. सकाळी जुन्या सर्व्हरवरची तुमची साइट चालू करून डीएनएस (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी नोंद) परत फिरवला असता तर दुपारच्या आत बहुतेकांना साइट दिसली असती. ‘दहा मिनिटांत करतो’ म्हणत मी संध्याकाळ केली. नियमाप्रमाणे पुढचं सर्टिफिकेट साधारण ३४ तासांनी मिळतं, तेवढं थांबणं शक्यच नव्हतं. शेवटी जुन्या डिस्कवरून सर्टिफिकेटची मूळ फाइल काढली, तिची मुदत अजून बाकी होती. ती ठेवली तर ट्रेफिकने नाकारली: फाइल इतरांनाही वाचता येत होती, त्याला परवानगी ६०० लागते, म्हणजे मालकाशिवाय कुणी हात लावायचा नाही. ते बदललं. मग एसईलिनक्सने (सर्व्हरच्या आतल्या सुरक्षा पहाऱ्याने) कंटेनरला ती फाइल उघडू दिली नाही, तिथे लेबल दुरुस्त केलं. साडेसातला साइट उघडली. हिशेबाने पावणेअठरा तास. तुम्ही ‘दोन दिवस’ लिहिलंय, त्यावर वाद घालत नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य नाहीत. ‘कार्डाची माहिती फुटली’ हे तसं नाही. ब्राउझर दारातूनच मागे फिरत होता, आणि कार्डाचा नंबर तर पेमेंट गेटवेच्या, म्हणजे पैसे घेणाऱ्या वेगळ्या कंपनीच्या, पानावर भरला जातो, आमच्या सर्व्हरवर तो येतच नाही. दुसरं, ‘फुकटचं सर्टिफिकेट लावलं म्हणून असं झालं’. लेट्स एन्क्रिप्ट फुकट आहे, पण २०१५ पासून चालू आहे आणि सगळे प्रमुख ब्राउझर ते मानतात. विकतचं सर्टिफिकेट असतं आणि मी त्याची फाइल अशीच मागे सोडली असती, तरी तुम्हाला हीच पाटी दिसली असती.

त्या दिवशी किती जण परत गेले हे लॉगमधून, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतून, काढायचा प्रयत्न केला. निघत नाही. पान मागण्याआधीच ब्राउझर वळतो, त्यामुळे मागे नाव राहत नाही, नंबरही नाही. म्हणून भरपाईचा खरा आकडा मला ठरवता येत नाही. एप्रिल आणि मेचं बिल लावणार नाही, ते पुरेसं नाही हे कळतं. गेल्या वर्षी त्याच रविवारी किती ऑर्डर होत्या ते तुमच्या वहीत असेल. ती घेऊन फोन करा, थेट माझ्या नंबरवर. त्यावरून बोलू.

बाकीच्या गिऱ्हाइकांच्या साइट जुन्या सर्व्हरवरच आहेत. भाडं वाढवून घेतलंय. त्या पाऊस लागल्यावर, बागा रिकाम्या झाल्यावर हलवीन, आणि आधी लेट्स एन्क्रिप्टच्या चाचणीच्या सर्व्हरकडून सर्टिफिकेट मागवून बघेन, तिथे खऱ्या साइटचा कोटा खर्च होत नाही.