बोट ओढायला फोर बाय फोरच लागते? पाच दावे आणि त्यांची उत्तरं

इंदुरातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. हनुवंतियाला किंवा चोरलला, म्हणजे या भागातल्या जलाशयांवर, स्वतःची बोट न्यायची तर फोर बाय फोर, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणाऱ्या गाडीला पर्याय नाही, दोनच चाकांवर चालणाऱ्या टू व्हील ड्राइव्हवाल्यांनी या फंदात पडू नये, असं त्याचं म्हणणं. कारणं पाच दिली आहेत: ती जास्त वजन ओढते, टू व्हील ड्राइव्ह रॅम्प (बोट पाण्यात सोडायचा बांधीव उतार) चढत नाही, घाटात फोर बाय फोर सुरक्षित, चिखलात ती अडकत नाही, आणि ऐपत असेल तर घेऊन ठेवण्यात नुकसान काय. पाचांपैकी एकात तथ्य आहे, तेही अर्धंच. पण बाकीच्यांवर विसंबून कोणी भरलेला ट्रेलर खंडव्याच्या वाटेवरच्या भेरूघाटात उतरवला तर जिवाशी गाठ आहे.

‘फोर बाय फोर जास्त वजन ओढते.’

किती वजन ओढायचं हे चासी (गाडीचा सांगाडा), हिच (ट्रेलर जोडायचा मागचा आकडा), ब्रेक, इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था आणि गिअरबॉक्स ठरवतात. तो आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतो. पुस्तिकेत ट्रेलर ओढू नका असं लिहिलं असेल तर विषय तिथंच संपला. चारही चाकांना ताकद गेल्यानं हा आकडा वाढत नाही. उलट पुढच्या चाकांकडेही ताकद वळवणारी ट्रान्सफर केस, ती त्या दोन चाकांत वाटणारं पुढचं डिफरन्शियल आणि जादा शाफ्ट यांचं वजन गाडीवरच पडतं. अमेरिकेतल्या पिकअप गाड्यांच्या तक्त्यांत एकाच मॉडेलची टू व्हील ड्राइव्ह आवृत्ती बऱ्याचदा थोडं जास्तच ओढू शकते, ते यामुळे.

लोक चुकतात ते बोटीचं वजन धरताना. १६ फुटी फायबरची बोट ३८० किलोची म्हणून विकली जाते. तिच्यावर आउटबोर्ड मोटर ९० किलो, ४० लिटर पेट्रोल म्हणजे ३० किलो, बॅटरी २०, नांगर, दोर आणि लाइफ जॅकेट मिळून ५०, आणि खुद्द ट्रेलर २३०. बेरीज ८०० किलो. पावसाळ्यात तळाचं बूच काढायला विसरलात तर साचलेल्या प्रत्येक लिटरमागे आणखी एक किलो. निघण्याआधी वजनकाट्यावर एकदा नुसती गाडी आणि एकदा ट्रेलरसकट गाडी चढवा, अंदाजावर जाऊ नका.

‘टू व्हील ड्राइव्ह रॅम्प चढत नाही.’

अर्धं तथ्य आहे ते या दाव्यात. आधी उतार मोजा. १ मीटरची सरळ फळी रॅम्पवर धरा, स्पिरिट लेव्हलनं ती आडवी करा आणि खालच्या टोकाखाली किती सेंटीमीटर फट राहते ते पाहा. जितके सेंटीमीटर, तितके टक्के उतार. बोटीसाठी बांधलेला रॅम्प साधारण १२ ते १५ टक्क्यांचा असतो.

आता १,९०० किलोची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या. इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो, फोर बाय टू फॉर्च्युनर या सगळ्या याच जातीच्या. मागे आपला ८०० किलोचा ट्रेलर. १५ टक्के उतारावर हे २,७०० किलो वर न्यायला, चाकांचा अडथळा धरून, सुमारे ४५० किलोचा जोर लागतो. चढावर वजन मागे सरकतं, शिवाय ट्रेलरची दांडी हिचवर दाबते, त्यामुळे मागच्या चाकांवर जवळपास १,१०० किलो येतात. ओल्या पण स्वच्छ काँक्रीटवर त्याच्या निम्मी पकड धरली तरी ५५० किलो मिळतात. गाडी चढते, आणि हाताशी काही राखूनही राहतं.

शेवाळावर हीच पकड पाचव्या हिश्श्यावर येते. मागच्या चाकांना मिळतात २२० किलो. गाडी जागच्या जागी चाकं फिरवते. आणि फोर बाय फोर? तिची चारही चाकं शेवाळावर असतील तर तिला मिळतात सुमारे ३९० किलो, लागतात ४५०. म्हणजे तीही चढत नाही. उतार १० टक्के असेल तर लागणारा जोर ३२५ च्या आसपास येतो. तिथं फोर बाय फोर निघते, टू व्हील ड्राइव्ह अडकते. फोर बाय फोरचा खरा पट्टा हा एवढाच: मध्यम उतार आणि घसरडी जमीन. उतार कोरडा असेल तर ती लागत नाही, फार घसरडा असेल तर ती पुरत नाही.

शेवाळावर इलाज आहे आणि तो स्वस्त आहे. ज्या दोन पट्ट्यांवरून चाकं जाणार ते प्रत्येकी अर्धा मीटर रुंदीचे पट्टे, पाण्याच्या कडेपासून वर ३ ते ४ मीटर, तारेच्या कडक ब्रशनं आणि जाड वाळूनं घासून काढा. दुसरा इलाज म्हणजे दांडी लांबवणं किंवा दोर लावणं: ट्रेलर हिचपासून सोडून, दांडीच्या पुढच्या चाकावर ठेवून, ८ मीटरच्या न ताणणाऱ्या जाड दोरानं गाडीला बांधायचा. गाडी कोरड्यावर उभी राहते, ट्रेलर पाण्यात जातो. मात्र दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणीही उभं राहू नये, आणि वर आल्यावर ट्रेलरच्या चाकांमागे लाकडी गुटके लावल्याशिवाय दोर सोडू नये.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा हिशोब वेगळा, आणि फिरणाऱ्या मजकुरात तो सरसकट गुंडाळला आहे. एर्टिगा किंवा हायक्रॉससारख्या गाडीत चढावर वजन नेमकं ताकदीच्या चाकांवरून उतरतं, हिचवरचा दाबही पुढचं टोक उचलतो. १,३०० किलोच्या अशा गाडीला ८०० किलोचा ट्रेलर १५ टक्क्यांवर ओढायला सुमारे ३५० किलो लागतात आणि ओल्या काँक्रीटवर पकडही जेमतेम तेवढीच मिळते. म्हणजे भरवसा नाही. ४५० किलोची छोटी अ‍ॅल्युमिनियमची बोट ट्रेलरसकट असेल तर मात्र गाडीची पुढची चाकं कोरड्यावर राहतात, आणि काम बिनघोर होतं.

रॅम्पवर गाडी चढत नाही यापेक्षा मोठा धोका ती आपोआप खाली जाण्याचा आहे, आणि त्याबद्दल मजकुरात एक शब्दही नाही. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. बोट सोडताना हीच चाकं पाण्याच्या कडेला, शेवाळावर असतात. मागच्या चाकांवर चालणारी गाडी गिअरमध्ये ठेवली तरी गिअरही तीच दोन चाकं धरतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर पुढची, कोरड्यावरची चाकं धरतो, हा तिचा एक फायदा. फोर बाय फोर जोडलेली असेल तर चारही चाकं एकमेकांना बांधलेली राहतात. फोर बाय फोरच्या बाजूचा आमच्या मते सर्वांत वजनदार मुद्दा हाच. पण ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी दोन्ही पुढच्या चाकांमागे त्रिकोणी गुटके ठोकून बसवायचे. गुटका निदान १५ सेंटीमीटर उंच हवा, खालून रबर लावलेला. चालक गाडीतून उतरायच्या आधी दुसऱ्या माणसानं ते बसवायचे. इंजिन बंद, गिअर टाकलेला, हँडब्रेक ओढलेला, काचा खाली.

वर येताना खरी मदत करतो तो लो रेशो, म्हणजे गाडी हळू पण जास्त जोरानं चालवणारा जादा गिअर. तो चाकांपाशी येणारा जोर सुमारे अडीच पट करतो, त्यामुळे क्लच अर्धा दाबून ठेवावा लागत नाही आणि गाडी मुंगीच्या पावलानं चढते. रॅम्पवर जळालेल्या क्लचचा वास येतो तो पकड कमी म्हणून नव्हे. पहिला गिअर ओझ्याच्या मानानं वेगवान असतो आणि चालक क्लचवर गाडी तोलून धरतो म्हणून. मॅन्युअल गाडीत पाय अर्धवट न ठेवता क्लच एकदाचा सोडा आणि न थांबता वर या. तेव्हा ‘फोर बाय फोर’ असा नुसता बिल्ला पाहू नका, लो रेशो आहे का ते विचारा. शहरी ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांत तो बहुधा नसतो, आणि त्यांचा मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच फार वेळ घसरला तर तापून सुटतो.

‘घाटात फोर बाय फोर सुरक्षित.’

हा सर्वांत घातक दावा. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. चालवणारी चाकं दोन की चार, याचा कोरड्या डांबरावर थांबण्याशी संबंध नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे आणि खंडव्याच्या वाटेवर नर्मदेचं खोरं त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे हनुवंतियाला जाताना भरलेला ट्रेलर भेरूघाटात तुम्हाला मागून ढकलत असतो. तिथं गाडी वाचवतात ट्रेलरचे ब्रेक. गाडी मंदावली की ट्रेलर हिचवर दाबतो आणि त्याच दाबानं त्याचे ब्रेक लागतात, असा ओव्हररन ब्रेक आपल्या ८०० किलोच्या ट्रेलरला हवाच. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे.

उतरताना घाट सुरू व्हायच्या आधीच दुसरा किंवा तिसरा गिअर घ्या. ब्रेक सतत चेपून न ठेवता थोडा वेळ जोरात दाबा आणि सोडा. ट्रेलर डोलू लागला तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरून पाय उचला. डोलण्याचं कारण बहुतेकदा दांडीवर कमी वजन हे असतं. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के दांडीवर हवेत, म्हणजे आपल्या उदाहरणात ४० ते ८० किलो. घरच्या वजनकाट्यावर ठोकळा ठेवून दांडी टेकवली की कळतं. कमी भरलं तर बोट ट्रेलरवर पुढे सरकवा.

शिवाय साध्या, हवी तेव्हाच जोडायच्या पार्टटाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. कोरड्या रस्त्यावर चारही चाकं बांधून वळलात तर टायर घासतात, शाफ्टवर ताण चढतो आणि शेवटी ट्रान्सफर केसला किंमत मोजावी लागते. म्हणजे घाटात सुरक्षित म्हणून मजकूर जे जोडायला सांगतो, ते घाटातच सोडून ठेवायचं असतं.

‘चिखलात ती अडकत नाही.’

माळव्याची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून जातात. मग टायर गुळगुळीत, आणि गुळगुळीत टायर दोन असले काय, चार असले काय. उन्हाळ्यात जलाशय उतरतो तेव्हा पाणी बांधलेल्या रॅम्पच्या खाली जातं आणि मधे उघडा गाळ राहतो. वरून तडकलेला, आतून ओला. फोर बाय फोर तिथं टू व्हील ड्राइव्हपेक्षा थोडी पुढे जाऊन रुतते, आणि पाण्याच्या तितकीच जवळ.

गावातला माणूस अशा वेळी ट्रॅक्टर आणतो. तो बहुतेकदा टू व्हील ड्राइव्हच असतो! सुमारे दोन टन वजन, त्यातला बराचसा भार मागच्या मोठ्या चाकांवर, खोल खाचांचे टायर आणि दोन्ही चाकं एकत्र बांधणारं डिफरन्शियल लॉकचं पेडल. चाकं किती चालतात यापेक्षा चालणाऱ्या चाकांवर वजन किती आणि टायर कसला, हे महत्त्वाचं असतं याचा याहून सरळ पुरावा नाही. गाळावर जायचंच असेल तर आधी पायानं चाला. टाच ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त रुतली तर गाडी नेऊ नका. मुरूम टाका, जाड फळ्या अंथरा, नाहीतर ट्रॅक्टर सांगा.

इंदूरजवळच्या यशवंत सागर आणि सिरपूर या दोन्ही पाणथळ जागा २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आल्या. तिथं पक्षी आहेत. मोटारबोट कुठल्याच गाडीनं नेऊ नये. इतरत्रही परवानगी आधी विचारा.

‘ऐपत असेल तर घेऊन ठेवण्यात नुकसान काय?’

नुकसान हे की दोन आवृत्त्यांमधल्या फरकाच्या पैशांतून करायची कामं राहून जातात. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक. गाडीच्या चासीला बोल्ट केलेला, नुसता बंपरला अडकवलेला नव्हे असा हिच. ट्रेलरची नोंदणी, मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे. चाकांची बेअरिंगं: लांबून आल्यावर ती तापलेली असतात, तशीच पाण्यात बुडवली तर आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते, ग्रीस पांढरं पडतं आणि परतीच्या वाटेवर चाक जाम होतं. रॅम्पवर पोचलं की १५ ते २० मिनिटं थांबायचं, चाकाच्या मधल्या हबला हात लावून पाहायचं, दिव्यांचा प्लग काढायचा, बोटीचं बूच लावायचं, आणि मग ट्रेलर पाण्यात न्यायचा. बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या विंचचा पट्टा मात्र बोट तरंगेपर्यंत सोडायचा नाही.

ज्यांना दर आठवड्याला कच्च्या काठावरून टनाच्या वरची बोट काढायची आहे त्यांनी लो रेशोवाली फोर बाय फोर जरूर घ्यावी. महिन्यातून एकदा हनुवंतियाच्या पक्क्या काठावर जाणाऱ्याला मागच्या चाकांवर चालणारी दणकट गाडी, ब्रेक असलेला ट्रेलर, दोन गुटके आणि एक तारेचा ब्रश पुरतो.