‘ही ठेकेदारांची वकिली झाली’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. आवारात पेव्हर ब्लॉक बसवायला ६८ रुपये चौरस फूट दर ठरला, बिल आलं जवळजवळ दीडपट, आणि मी मात्र ‘नुसता कमी दर पाहून काम देऊ नका’ असं सांगून खापर सोसायटीवरच फोडतो, असं तुमचं म्हणणं. संताप समजू शकतो. पण कोटेशनमधली तुम्हीच उतरवून दिलेली ओळ पुन्हा वाचा: ‘६० एमएम पेव्हर ब्लॉक पुरवणे व बसवणे’. यात खोदाई कुठे आहे? मुरूम, रोलर, कडेचे कर्ब (ब्लॉक सरकू नयेत म्हणून लावलेले काँक्रीटचे काठ), वरचा १८ टक्के जीएसटी? ६८ रुपयांत यातलं काहीच धरलेलं नव्हतं.

ब्लॉकखाली घालायच्या मुरूमाचंच घ्या, खरी मेख तिथे असते. ५००० चौरस फुटांवर दबलेला सहा इंचांचा थर हवा, तर २५०० घनफूट, म्हणजे २५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पण गाडीतून उतरतो तो सुटा मुरूम. पाणी मारून रोलर फिरवला की तो खाली बसतो, त्यामुळे माल साधारण सव्वा पट, ३१ ब्रासच्या आसपास लागतो. दर दबलेल्या थराचा ठरला असेल तर वरचे सहा ब्रास ठेकेदाराने आपल्या दरात धरायचे. ‘गाडीप्रमाणे’ ठरला असेल तर ते तुमच्या बिलात येतात. शिवाय गाडी शिगोशीग भरलेली होती की निम्मीच, हे वॉचमनने सही केलेल्या चलनावरून (गाडीबरोबर येणाऱ्या मालाच्या पावतीवरून) कुणाला कळणार? इथे लबाडीला भरपूर वाव आहे, हे मान्य. तो आपणच ठेवतो, एवढंच माझं म्हणणं होतं.

ब्लॉकचंही तेच. बसवलेलं क्षेत्र मोजायचं, चेंबर आणि झाडांची आळी वजा करायची. आलेल्या मालावर बिल काढलं तर कडेला कापलेले आणि उतरवताना फुटलेले तुकडेही तुमच्याच माथी.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामात मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी चढल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. (तिथे काय काय चढतं ते रस्त्यांवर दिसतंच, पण निदान पद्धत तरी आहे.) सोसायटीत थर झाकण्याआधी टेप घेऊन कुणी उभंच राहत नाही.

एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. खाली भुसभुशीत माती लागली आणि जादा खोदाई करावी लागणार होती, तर ठेकेदाराने आधी लेखी विचारायला हवं होतं. काम उरकल्यावर ‘जादा काम’ म्हणून रक्कम लावणं चूकच. ती तुम्ही अडवून धरलीत, बरं केलंत.

आता बिलात मुरूम चलनावर लावलाय की थरावर, तेवढं बघा. चलनावर असेल तर ठेकेदाराला समोर उभं करून तीन-चार ठिकाणचे ब्लॉक उचला, खालचा थर मोजा आणि आकडा दोघांच्या सहीने कागदावर घ्या. तेच ब्लॉक पुन्हा बसवता येतात.