फोम झाला की अँटीफोम ओता, बस एवढंच येतं यांना

परत तेच. रात्री अडीच वाजता अबसॉर्बरचा (ज्या कॉलममध्ये अमाईनचं द्रावण गॅसमधला एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, शोषून घेतं) डीपी, म्हणजे वरच्या-खालच्या दाबातला फरक, नाचायला लागला, बॉटमची लेव्हल आधी खाली गेली आणि मग एकदम उसळून वर आली, गॅससोबत उडालेलं द्रव पकडणाऱ्या वरच्या नॉकआउट ड्रममध्ये अमाईन जमायला लागलं, म्हणजे कॉलम फोम करतोय हे शेंबडं पोरही सांगेल. आणि फोनवर पहिला प्रश्न काय, तर "अँटीफोम किती टाकला?" अरे बाबा फोम का झाला ते विचार ना आधी!

आता कारण ऐका. फीड गॅस येतोय 38 डिग्रीला. तो इनलेट सेपरेटरमधून बाहेर पडतो तेव्हाच हायड्रोकार्बन ड्यू पॉइंटवर असतो, जरा गार केला की त्यातून जड हायड्रोकार्बन सुटणारच. म्हणून लीन अमाईन, म्हणजे एचटूएस काढून कॉलममध्ये परत येणारं अमाईन, गॅसपेक्षा निदान 5 डिग्री गरम ठेवायचं, ही या धंद्यातली बाराखडी आहे. आणि आमच्याकडे लीन किती होतं? 36! कारण मागच्या आठवड्यात ट्रीटेड गॅसमध्ये एचटूएस थोडा वर गेला म्हणून कुणा शहाण्याने कूलर पूर्ण उघडला, थंड अमाईन जास्त शोषतं म्हणे. शोषतं हो, मान्य आहे, पण 4 पीपीएमचं स्पेक गाठायला तुम्ही कॉलममध्ये तेल पाडताय, आणि तेल पडलं की अमाईन फेसाळतं, त्याचं काय? आणि एचटूएस वर गेला होता तो अमाईन उकळून त्यातला एचटूएस काढणाऱ्या रीबॉयलरची स्टीम कमी केल्यामुळे. लीन नीट स्ट्रिपच झालं नाही तर ते किती का गार करा. पण स्टीमचा खर्च रिपोर्टमध्ये दिसतो ना, मग तिथे हात कोण लावणार.

बरं अँटीफोमचं पण शास्त्र आहे. थोडा टाकला तर बुडबुडे फोडतो, जास्त झाला तर उलटा फोम वाढवतो. आमच्याकडे डोसिंगची जागाच कार्बन फिल्टरच्या आधी, म्हणजे सिलिकॉनवाला माल जातो आणि कार्बन निवांत गिळून बसतो, कॉलमपर्यंत पोचतच नाही. मग "काम करत नाही" म्हणून अजून ओता. त्यात तो कार्बन कधीचा संपलेला, बदलायची रिक्वेस्ट मी स्वतः दोनदा टाकली, दोन्ही वेळा "पुढच्या शटडाउनला बघू".

सॅम्पल घेतलं मी. बाटली हलवली, चांगलं अमाईन असेल तर फेस काही सेकंदात बसतो, हे मी घड्याळ लावून उभा होतो तरी बसेना, आणि रंग फिकट पिवळा सोडा, हिरवट काळा, तळाला आयर्न सल्फाइडचा बारीक गाळ. एवढं डोळ्यांना दिसत असताना लॅबचा रिपोर्ट काय, स्ट्रेंथ 45 टक्के, ओके. अरे स्ट्रेंथ ओके असेल रे, हीट स्टेबल सॉल्ट (उकळूनही न निघणारे क्षार) किती, सस्पेंडेड सॉलिड (तरंगता गाळ) किती, ते कोण बघणार? टेस्टच लावलेली नाही.

आणि डिझाइनवाल्यांना तर कोपरापासून नमस्कार. अमाईन फोम करतं हे जगजाहीर आहे, म्हणून कॉलममधल्या ट्रेचं हायड्रॉलिक करताना सिस्टम फॅक्टर, म्हणजे फेसासाठी धरलेली सूट, लावतात, डाउनकमर (एका ट्रेवरून खालच्या ट्रेवर द्रव उतरायची वाट) मोठा ठेवतात, की फेसातून गॅस सुटायला वेळ मिळावा. आमचा कॉलम पैसे वाचवायला असा घट्ट बसवलाय की 80 टक्के लोडवरच डाउनकमर तुंबतो. वर परत "ऑपरेशन नीट करा".

शेवटी पहाटे मी लीन 44 वर नेलं, गॅस थोडा कमी केला, स्टीम वाढवली, आणि अँटीफोमचा एक छोटा डोस कार्बन फिल्टर बायपास करून दिला. तासाभरात डीपी सरळ रेघेसारखा. सकाळच्या मीटिंगमध्ये कौतुक सोडा, उलट विचारलं की स्टीम कुणी वाढवली, आणि लॉगबुकमध्ये कारण लिहिलंय "फोमिंग, अँटीफोमने कंट्रोल केले". मी लिहिलेली लीन टेंपरेचरची ओळ खोडून!

आत्ता निघताना पॅनेलवर सहज बघितलं. सेटपॉइंट परत 36.