अतामीच्या मुक्कामाबद्दलच्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका,

टूरभर तुम्हाला काका म्हणत होते, इथंही तेच म्हणते. जपान टूरमधल्या अतामीच्या, म्हणजे समुद्रकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांच्या गावातल्या, मुक्कामाबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. तुम्ही, काकू आणि मुलं दमून, उशिरा आणि भुकेले पोहोचलात. त्या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

पण तुम्ही लिहिलंय की ग्रुप तुम्हाला टोकियो स्टेशनवर सोडून निघून गेला, आतषबाजी बुडाली, जेवायला ‘थंड भाताचे गोळे’ मिळाले आणि वर कराच्या नावाखाली पैसे काढले. हे वाचून पुढच्या बॅचच्या काही लोकांनी पैसे भरायचे थांबवलेत. आमचं ऑफिस म्हणजे घरातली पुढची खोली. मी, माझे मिस्टर आणि एक मुलगी, एवढाच स्टाफ. त्यामुळे गप्प बसून चालणार नाही.

आधी स्टेशनचं. त्या दुपारी टोकियोतल्या गिंझा बाजारात सूनबाईंची खरेदी राहिली होती आणि आणखी वेळ तुम्हीच मागितलात. ‘तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो, मुलगा आहे बरोबर’ हे तुमचेच शब्द. मी चौघांची तिकिटं चिरंजीवांच्या हातात दिली आणि ग्रुपवर मेसेज टाकला: पाचच्या सुमाराची ‘कोडामा’ पकडा, ‘नोझोमी’त बसू नका. तो मेसेज अजून ग्रुपवर आहे आणि त्याखाली चिरंजीवांचा अंगठाही आहे.

इतर वाचकांसाठी सांगते. टोकियोहून या मार्गावरच्या शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, १४ ते १९ नंबरच्या फलाटांवरून सुटतात आणि बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, पांढऱ्या, निळ्या पट्ट्याच्या. त्यांचे तीन प्रकार. कोडामा प्रत्येक स्टेशनला थांबते. हिकारीतल्या काही गाड्या अतामीला थांबतात. नोझोमी एकही थांबत नाही. शिन-योकोहामा सोडलं की ती थेट नागोयाला थांबते. डब्यावरच्या पाटीत नोझोमीचं नाव पिवळ्या रंगात, हिकारीचं लाल आणि कोडामाचं निळ्या रंगात असतं. पुण्यातल्या मीटिंगमध्ये हे तीन रंग मी फोटोसकट दाखवले होते, तुम्ही पहिल्या रांगेत होतात.

तुम्ही आधी आलेल्या गाडीत बसलात आणि ती नोझोमी होती. घाईत कुणाचंही होऊ शकतं, त्याबद्दल मी तेव्हाही एक शब्द बोलले नाही. तुमचा फोन आला तेव्हा गाडी शिन-योकोहामाच्या पुढे गेली होती. अतामी टोकियोपासून साधारण १०५ किलोमीटरवर, नागोया ३६६ वर. मधे उतरायची सोयच नाही. मी चिरंजीवांना सांगितलं की कंडक्टरला गाठा आणि फोन त्याच्या हातात द्या. त्याच्याशी बोलले, त्यानं चुकीच्या गाडीत बसल्याची नोंद करून दिली आणि परतीचे जादा पैसे लागले नाहीत. तुम्ही अतामीला उतरलात तेव्हा रात्रीचे पावणेनऊ वाजत आले होते.

अतामीची समुद्रावरची आतषबाजी १९५२ पासून चालू आहे. ती रोज नसते, वर्षातल्या ठरावीक रात्रीच असते. त्या रात्रीवर बेतूनच मी अख्ख्या टूरच्या तारखा लावल्या होत्या. आठ वीसला सुरू झाली की वीसेक मिनिटांत संपते. अतामीच्या खाडीला तिन्ही बाजूंनी डोंगर आहेत, त्यामुळे प्रत्येक बार अंगावर आल्यासारखा घुमतो. बाकीचा ग्रुप तेव्हा किनाऱ्यावर होता. मी स्टेशनच्या दारात तुमची गाडी कधी येते ते बघत उभी होते. ‘टूर लीडरला आमचं सोयरसुतक नव्हतं’ हे वाक्य म्हणून फार लागलं.

आता जेवणाचं, आणि खरं तर एवढ्याचसाठी मी लिहायला बसले.

आपण उतरलो ते मोठं हॉटेल नव्हे, एका घराण्यानं चालवलेलं जुन्या पद्धतीचं रियोकान, म्हणजे जपानी पाहुणेघर. तिथं संध्याकाळचं जेवण सहाला लागतं, एकेक पदार्थ क्रमानं येतो आणि आठला स्वयंपाकघर बंद होतं. हे कार्यक्रमपत्रिकेत ठळक छापलं होतं. शाकाहारी जेवण तिथं आयत्या वेळी होत नाही, कारण जपानी रश्शाचा पाया म्हणजे ‘दाशी’ आणि त्यात बहुतेक ठिकाणी वाळवलेला बोनिटो मासा असतो. वरून भाजीचं दिसणारं सूपसुद्धा आपल्याला चालत नाही. आपल्या ग्रुपसाठी त्यांनी आदल्या रात्रीपासून नुसतं कोंबू, म्हणजे समुद्रशेवाळ, भिजत घालून वेगळी दाशी केली होती. तिळाचा तोफू, कमळकाकडीचा तेंपुरा, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) लावून भाजलेलं वांगं. तुमची चार ताटंही मांडलेली होती. उरलेलं पुन्हा गरम करून पाहुण्यांना वाढायचं नाही हा त्या घराचा नियम आहे आणि तो माझ्यासाठी बदलत नाही.

तुम्ही नागोयाहून परत निघालात हे कळल्यावर आपल्या मजल्याचं काम बघणाऱ्या बाईंनी (त्यांना तिथं नाकाई-सान म्हणतात) स्वयंपाकघर बंद व्हायच्या आत भात मागून घेतला. त्यांची घरी जायची वेळ झाली होती. त्यांनी हात ओले केले, तळव्यावर मीठ घेतलं, मधे उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ ठेवलं, तिन्ही बाजू दाबून त्रिकोण केला आणि नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा, पट्टा लावला. हीच ओनिगिरी. बोनिटोचा कीस घातलेली ओनिगिरी तिथं सर्रास करतात, म्हणून त्यांनी मला दोनदा विचारून खात्री केली की मासळीचं काहीही नको ना. सोबत काकडीचं लोणचं आणि थर्मासमध्ये चहा ठेवला. ओनिगिरी गारच खातात काका. शाळेच्या डब्यात, प्रवासात, शेतावर, सगळीकडे. बिलात तिचा एक येनही लागला नाही.

त्याला तुम्ही ‘भिकाऱ्याला देतात तसे भाताचे गोळे’ म्हटलंत. रियोकानच्या मालकीणबाई मोबाईलवर भाषांतर करून सगळे रिव्ह्यू वाचतात. त्यांनी मला विचारलं, आमच्याकडून काय चुकलं? मला उत्तर देता आलं नाही. शाकाहारी ग्रुप घ्यायला अशी छोटी घरं सहज तयार होत नाहीत. यांनी दार लावलं तर आमच्यासारख्यांना दुसरं दार शोधायला किती वर्षं लागतील देव जाणे.

कराचं सांगायचं तर स्नानाचा कर १५० येन आणि एप्रिल २०२५ पासून लागू झालेला मुक्कामाचा कर २०० येन, मिळून माणशी ३५० येन. आपले साधारण दोनशे रुपये. ते अतामीच्या नगरपालिकेला जातात, आमच्या खिशात नाही. ‘स्थानिक कर जागेवर’ असं कोटेशनमध्ये लिहिलेलं आहे.

आणि ‘असलं गरम पाणी वज्रेश्वरीलाही आहे’ असं तुम्ही लिहिलंय, ते मान्य. वज्रेश्वरी आमच्याही घरच्यांच्या श्रद्धेची जागा आहे. पण तिथल्या पाण्याला गंधकाचा वास आणि अतामीचं पाणी खारट, ओठाला लागलं की कळतं. सगळ्यांसमोर कपडे काढून कुंडात उतरायचा संकोच आपल्या लोकांना असतो हे मला माहीत आहे, म्हणूनच तुमच्या कुटुंबासाठी सात वाजताचं खाजगी कुंड घेऊन ठेवलं होतं. ती वेळ गेली, तरी मी विनंती करून सकाळी नाश्त्याआधीची वेळ मिळवली. काकू बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, गुडघे मोकळे झाले. नंतर किनोमिया देवळातल्या दोन हजार वर्षांहून जुन्या कापराच्या झाडाला तुम्ही दोघांनी हातात हात घेऊन प्रदक्षिणा घातलीत. तो फोटो तुम्हीच मागून घेतलात. तेव्हा तुमच्या मनात राग आहे असं मला एकदाही जाणवलं नाही.

पुढच्या टूरपासून मोकळ्या वेळेबाबत काहीतरी पक्की पद्धत लावतो आहोत आणि उशिरा पोहोचणाऱ्यांच्या जेवणाचंही बघतो.

एक स्टार तसाच ठेवा, माझी तक्रार नाही. मला काय बोलायचं ते बोला. फक्त भाताच्या गोळ्यांची ती ओळ तेवढी काढा. त्या बाईंचा यात काही संबंध नाही. आणि बोलायचं असेल तर ऑफिसच्या नंबरवर कधीही फोन करा, मीच उचलते. काकूंना नमस्कार सांगा.